आयरिश माणसाच्या तोंडचे शब्द

राष्ट्राचा इतिहास राजांच्या वंशावळीपेक्षा गरिबांच्या बोलीत अधिक सापडतो, असे माझे मत आहे. आयर्लंडचेच पाहा.

1831 साली तेथे इंग्रजी शिकविणाऱ्या राष्ट्रीय शाळा निघाल्या. कित्येक गावी मुलांच्या गळ्यात काठी बांधीत; तोंडातून आयरिश शब्द निघाला की तिच्यावर खाच पडे, आणि संध्याकाळी खाचा मोजून मार बसे. आईबापांचीही त्याला संमती असे, कारण पोट इंग्रजीवरच भरणार होते. पुढे 1845 पासूनच्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्यांत आयरिश बोलणारे गरीबच फार. 1851 च्या शिरगणतीत आयरिश जाणणारे सुमारे 15 लाख होते. 1891 साली 7 लाखही भरले नाहीत.

भाषा अशी ओसरली. तिचा साचा मात्र राहिला. आयरिशमध्ये 'होय' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्द नाहीत. जेवलास का, तर 'जेवलो'. आपल्या कानाला हे परके नाही. म्हणून आयरिश माणूस इंग्रजीतही क्रियापदानेच उत्तर देतो. नुकतेच जेवण झाले, तर 'मी जेवणानंतर आहे' असे इंग्रजीत म्हणतो. साहेबाने याला गावंढळ म्हणून हसावे. पण ही चूक नव्हे, हे आयरिश व्याकरण आहे. आणि त्याच साहेबाची व्हिस्की हा मूळचा आयरिश-गेलिक शब्द, अर्थ 'जीवनाचे पाणी'!

आता एक शब्द आपल्या चळवळीतला. 1880 साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. लँड लीगच्या शेतकऱ्यांनी त्याच्यावर हात उगारला नाही. फक्त त्याचे काम करणे, त्याला माल विकणे, त्याच्याशी बोलणे बंद केले. उत्तरेकडून आणलेल्या 50 मजुरांनी शेकडो सैनिकांच्या पहाऱ्यात त्याचे पीक काढले. पीक सुमारे 500 पौंडांचे, खर्च 10,000 पौंडांच्या घरात! डिसेंबरात कॅप्टन आयर्लंड सोडून गेला आणि त्याचे नाव जगाच्या भाषांत क्रियापद होऊन बसले.

ज्यांची भाषा काठीने मोजून काढली, त्यांनीच मालकाच्या भाषेला हा शब्द दिला. कामकऱ्याच्या बोलीला अशुद्ध म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.