झीज, ठसा आणि पारख

नाशिकच्या इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याकडे निघालं की पांडवलेण्यांचा डोंगर समोर येतो. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने एक ठेव कोरून ठेवली आहे. लेखातल्या कालगणनेच्या बेचाळिसाव्या वर्षी ३,००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे दिली. २,००० वर महिना शेकडा एक आणि १,००० वर पाऊण असं व्याज, मुद्दल मात्र कधीच परत मागायचं नाही. कायमची ठेव म्हटल्यावर घेणाऱ्याने नाणी नुसती मोजली नसतील, पारखूनही घेतली असतील.

ही पारख त्याहून कितीतरी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी येतो. चलनात फिरणारं आणि सरकारी कोशात यायचं नाणं त्याने तपासायचं, आणि या परीक्षेपोटी शेकडा एक अष्टमांश वेगळा आकारायचा. त्याला पाहायची होती चांदी आणि वजन. त्या काळच्या आहत, म्हणजे ठसे ठोकून घडवलेल्या, नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे असतात. ते पारख्यांनी तपासणीच्या वेळी मारले, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

या ठशांचं मोल सर्वांत चांगलं ओळखलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४० च्या सुमारास, त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांची वजनं अभ्यासायला घेतली. फिरतं नाणं हातोहात झिजतं. एकाच टांकसाळीतून एकाच वेळी निघालेल्या नाण्यांचं सरासरी वजन वर्षागणिक उतरत जातं आणि त्यांच्या वजनांमधली तफावत वाढत जाते. हे पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. मागचे ठसे जास्त, तिथे सरासरी वजन कमी, हा मेळ त्यांना दिसला. म्हणजे झीज हे एक घड्याळच झालं. नाण्यांच्या गटांचा काळाचा क्रम त्यांनी तागडीवर लावला. पारखीच्या या सगळ्या इतिहासात मला याहून सुंदर काम दुसरं दिसत नाही.

सराफाच्या लेखी मात्र झीज म्हणजे बट्टा. मोगल आणि मराठा अमलात गावोगावचे रुपये चालत. आमच्या भागात चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपया होता. परका, जुना किंवा हलका रुपया आला की सराफ वाजवून, तोलून बट्टा कापून घेई. संशय आला तर कडेला छेद देई, पृष्ठभागावर खूण ठोके. कंपनी सरकारने १८३५ मध्ये १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅमचा एकच रुपया केला. बारात अकरा भाग चांदी. पुढे १९०६ च्या नाणे कायद्याने सराफाचा बट्टा आकड्यात बांधला. वजनात दोन टक्क्यांहून जास्त घट झालेला रुपया कायदेशीर चलन उरत नसे, आणि अधिकृत माणसाला तो कापून टाकता येई.

नाण्याच्या चेहऱ्याला भाव आला तो संग्राहकांमुळे. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. एकाच जातीच्या नाण्यात सत्तर गुणांचं नाणं एक गुणाच्या सत्तरपट किमतीचं, हा त्यामागचा हिशेब. बाजारभावाने तो कधीच मोडला, श्रेणी मात्र उरली आणि चांदीलाही लागू झाली. १९८६-८७ पासून नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या कंपन्या आल्या. आपल्याकडचे राणीछाप रुपयेही आज त्या डब्यांत दिसतात.

यंत्रावर पाडलेल्या राणीछापला हे माप बरं लागू पडतं. राणीच्या मुकुटाचे, केसांचे, पोशाखावरच्या नक्षीचे उंच भाग आधी झिजतात, ते पाहावेत. हातोड्याने पाडलेल्या रुपयाचं तसं नाही. साचा चकतीहून मोठा असे, म्हणून टांकसाळीचं नाव अर्धं बाहेरच राही. घाव तिरका बसला तर एक बाजू फिकी उठे. ती झीज नव्हे. तिला झीज म्हणून गुण कापणं अन्याय आहे. खरं नुकसान आपल्याच घरात होतं. लक्ष्मीपूजनाआधी चिंच आणि राख लावून रुपया लखलखीत केला जातो, दागिन्यासाठी त्याला कडी डागली जाते. काळपट थर खरवडला की मूळ पृष्ठभाग गेलाच, तो कुठल्याही उपायाने परत येत नाही. रुपये पूजेत जरूर मांडावेत, फक्त घासू नयेत.

आणि जोगळटेंभी. गोदावरी-दारणा संगमावरच्या या गावी १९०६ मध्ये नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीला उज्जैन चिन्ह. नहपानाचा गाल त्या घावाखाली चेपला आहे, ग्रीक अक्षरं तुटली आहेत. नितळ पृष्ठभाग शोधणाऱ्या डोळ्याला हे खराब नाणं. पण नहपानाच्या चलनावर सातकर्णीने ताबा मिळवला, याचा हातात धरता येणारा पुरावा हाच घाव आहे. प्राचीन नाण्यांसाठी आता काही ठिकाणी ठशाला आणि पृष्ठभागाला पाचपैकी वेगवेगळे गुण देतात. सुधारणा योग्य दिशेने आहे, पण पुरेशी नाही. जवळच अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तेव्हा हे मागणं नाशिकहून व्हायला हवं: जोगळटेंभीच्या प्रत्येक नाण्याच्या नोंदीत नहपानाचा मुखवटा किती उरला आणि सातकर्णीचा ठसा किती उठला, हे दोन्ही स्वतंत्र लिहावं, आणि शेजारी वजन द्यावं.