पाटाकडील पाणी

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ‘पीटीएम’चा गजर होतो, तेव्हा हजारो माणसं एका जुन्या पाण्याच्या पाटाचं नाव घेत असतात. पीटीएम म्हणजे मंगळवार पेठेतलं, फुटबॉल खेळणारं पाटाकडील तालीम मंडळ. याच पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाची जागा आहे. ही दोन्ही नावं एकाच पाण्यानं ठेवली, असं माझं ठाम मत आहे.

पेठेच्या बाकीच्या खुणा सर्वांना ठाऊक आहेत : लगतचं १९१२ चं खासबाग मैदान, १९१५ चं पॅलेस थिएटर म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ.

आधी खजिना पाहू. मूळ अरबी धातूचा अर्थ साठवणं. अरबीत आजही पाण्याची टाकी ‘खझ्झान’, तुर्कीत ‘हझ्ने’. बीडची सोळाव्या शतकातली खजाना विहीर आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतली खजिना विहीर याच गोतातल्या. बीडला सरकारी खजिना खर्ची पडला म्हणून विहिरीला ते नाव मिळालं, अशी कथा सांगतात. पण बीडची कथा पुण्याला आणि कोल्हापूरला कशी लागू पडेल? ‘साठवण’ हा अर्थ मात्र तिन्हीकडे चपखल बसतो.

आता पाट. ‘कडील’ दिशा दाखवतं, म्हणजे पाट ही जागा असली पाहिजे. बसायचा पाट बाद, पुनर्विवाहाचा पाटही बाद. उरतो पाण्याचा. तो कुठला? खासबाग नावाप्रमाणे बाग होती, तेव्हा पाट बागेचा, असं कुणी म्हणेल. मुद्दा बिनतोड वाटतो. पण बागेला तरी पाणी कुठून येणार? दक्षिणेला कात्यायनीचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी कळंबा, तिथून उतार थेट शहराकडे, आणि मंगळवार पेठ जुन्या शहराच्या दक्षिण अंगाला. बागेचा पाट वेगळा धरला, तरी तो याच पाण्याचा फाटा ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कळंबा तलाव झाला आणि त्याचं पाणी नळातून येऊ लागलं. जमिनीखालच्या नळावरून कुणी पत्ता सांगत नाही. उघड्या पाटावरून सांगतात. म्हणून ‘पाटाकडील’ हे नाव मी नळाच्या आधीचं मानतो आणि तालमीनं ते आयतं उचललं, असं धरतो.

मैदान आणि नाट्यगृह राजाश्रयानं उभं राहिलं, म्हणून त्यांच्या तारखा टिकल्या. पाटाची आठवण पेठेच्या बोलण्यानं टिकवली. शहराच्या वारशाची यादी करणाऱ्यांनी कळंब्यापासून खजिन्यापर्यंतची ही वाट नकाशावर आखावी. कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही पहिलं पान पाण्याला द्यावं.