सायकीच्या अंतरंगाचा शोध

1794 सालीं क्लाद्नी नांवाच्या जर्मन विद्वानानें एक लहानसें पुस्तक लिहून असें प्रतिपादन केलें कीं, सायबेरियांत सांपडलेला सुमारें 700 किलो वजनाचा लोहपिंड पृथ्वीवरचा नसून आकाशांतून आलेला आहे. पुष्कळ पंडितांनीं ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढें 1803 सालीं फ्रान्समधील लेगल गांवीं भर दिवसा दगडांचा वर्षाव झाला, तेव्हां हंसणारांस विचार करावा लागला. परंतु अशा पिंडांतील लोखंड मुळांत कोठें तयार झालें, हें कोडें तसेंच राहिलें. एखादा गोल वितळून जड लोखंड त्याच्या पोटांत उतरलें असावें व पुढें टकरींमुळें वरचें खडकाचें कवच उडून गेलें असावें, अशी उपपत्ति हळूहळू रूढ झाली. आपल्या पृथ्वीचा गाभाही लोखंडाचाच मानतात. पण तो सुमारें 2900 किलोमीटर खोल असल्यामुळें कोणी पाहिलेला नाहीं. म्हणून आकाशांत असा उघडा पडलेला गाभा सांपडला तर तें मोठेंच भाग्य होय.

तो सांपडला असें पुष्कळांस वाटतें. 17 मार्च 1852 रोजीं नेपल्स येथें दे गास्पारिस या ज्योतिर्विदानें मंगळ व गुरु यांच्या दरम्यान फिरणारा सोळावा लघुग्रह शोधून त्यास ‘सायकी’, म्हणजे ग्रीक भाषेंत ‘आत्मा’, हें नांव दिलें. त्याचा व्यास सुमारें 220 किलोमीटर आहे. रडारच्या लहरी त्याच्यावरून जोरानें परततात, यावरून त्यांत धातु विपुल असावा असें अनुमान निघालें. वृत्तपत्रांनीं तर त्या धातूची किंमतही ठरवून टाकली! जो माल बाजारांत आणण्यास कोणी समर्थ नाहीं, त्याचा भाव सांगण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं. अलीकडे मात्र या गोलाची घनता पाण्याच्या चौपटीच्या आसपास निघाली. लोखंडाची जवळजवळ आठपट असते. तेव्हां एक तर तो आंतून पोकळ्यांनीं भरलेला असावा, नाहीं तर त्यांत खडकाचा बराच भाग मिसळलेला असावा. नुसत्या प्रकाशावरून याचा निवाडा होत नाहीं.

येथें गॅमा किरण उपयोगीं पडतात. 1900 सालीं पॅरिस येथें विलार यानें रेडियमपासून निघणारे हे किरण ओळखले, आणि 1912 सालीं हेस यानें विमानांतून नव्हे, तर बलूनमधून पांच हजार मीटरांच्या वर जाऊन विश्वकिरणांचा शोध लावला. या दोन शोधांची सांगड पुढें अशी पडली: ज्या गोलावर वातावरण नाहीं, त्याच्या मातीवर विश्वकिरण अखंड आदळतात; त्यामुळें न्यूट्रॉन सुटतात; ते अणुगर्भांस धडकले कीं गॅमा किरण बाहेर पडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची शक्ति ठराविक असल्यानें लोखंड, निकेल, सिलिकॉन आपापली ओळख स्वतःच पटवितात.

तत्त्व सोपें, व्यवहार कठीण. निअर-शूमेकर हें यान 2000 सालापासून वर्षभर ईरॉस या खडकाळ लघुग्रहाभोंवतीं फिरलें; परंतु गॅमामापक यानाच्या अंगांतच बसविलेला असल्यामुळें यानाच्या स्वतःच्या किरणांच्या गोंगाटांत ईरॉसचा क्षीण आवाज बुडून गेला. अखेर 12 फेब्रुवारी 2001 रोजीं यान त्या गोलावर उतरविण्यांत आलें. तें उतरण्यासाठीं बांधलेलेंच नव्हतें. त्यास पायही नव्हते. तरी माणसाच्या चालीइतक्या वेगानें टेकून तें शाबूत राहिलें! यंत्र जमिनीपासून वीतभर अंतरावर आलें आणि वर्षभराच्या प्रदक्षिणांनीं जें दिलें नाहीं तें आठवड्याभराच्या मुक्कामानें दिलें. तेथील लोखंडाचें प्रमाण मात्र अपेक्षेहून कमी भरलें.

13 ऑक्टोबर 2023 रोजीं निघालेल्या ‘सायकी’ यानाचा जर्मेनियमचा मापक म्हणूनच सुमारें दोन मीटर लांब दांड्याच्या टोंकाला बसविलेला आहे. यान 2029 सालीं तेथें पोहोंचावें अशी योजना आहे. या किरणांची धांव हातभर थरापलीकडे नाहीं. तेव्हां पोटांतील गोष्ट निकेलवरूनच ताडावी लागेल. वितळलेलें लोखंड बुडतांना निकेलही बरोबर नेतें, आणि लोखंडी अशनींत तें बहुधा पांच टक्क्यांहून अधिक असतें. सायकीवर तें फारच थोडें निघालें, तर उघड्या गाभ्याची ही कथा सोडून द्यावी लागेल.