रेझिनच्या विमानांचे सांधे

१९३६ साली इंग्लंडात फ्रॉग या नाममुद्रेच्या पेंग्विन मालिकेतील विमानप्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या सुट्या भागांत विक्रीस आल्या, परंतु ते द्रव्य कालांतराने वाकत असल्यामुळे सांधे उलत. पुढे पॉलिस्टायरीन रूढ झाले आणि १९५० च्या दशकात एअरफिक्स कंपनीने १:७२ प्रमाणातील स्पिटफायर आणले; पॉलिस्टायरीनच्या दोन्ही कडा द्रावकाने विरघळवून एकजीव करण्याची सोय होती.

रेझिनला ती सोय लाभली नाही. मोठ्या कारखान्यांना न परवडणारी दुर्मिळ विमाने घडविण्यासाठी ज्या मोजक्या कसबी कारागिरांनी सिलिकॉन रबराच्या साच्यांत पॉलियुरेथेन रेझिन ओतण्याचा मार्ग पत्करला, त्यांना असे आढळले की साचा थोड्याच नगांनंतर फाटतो, ओतलेले द्रव्य गोठताना किंचित आकसते, आणि पंख व धड यांचा जेथे संगम व्हावा नेमकी तेथेच अशी फट राहते, जी पॉलिस्टायरीनचा डिंक सांधू शकत नाही. साहाय्यास आले ते सायनोॲक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंदुकांच्या पारदर्शक नेमयंत्रांसाठी द्रव्य शोधताना अतिचिकट म्हणून नापसंत ठरलेला हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांच्या प्रयत्नांनी १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. रुंद फटीसाठी मात्र दोन घटक मळून लावावयाची इपॉक्सी पुट्टीच माझ्या मते श्रेष्ठ, कारण द्रावकयुक्त पुट्टीप्रमाणे ती वाळताना आकसत नाही. साच्यातून आलेला तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुतल्याविना यांपैकी काहीही टिकत नाही, तेव्हा नवशिक्यांनी त्या कामी हयगय करू नये.