रायपूरचा एक खटला आणि पुराव्याचा प्रश्न

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून रायपूर हे नाव मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. आज ते छत्तीसगड राज्याच्या राजधानीचे नगर होय. या नगरातील सत्र न्यायालयात 2010 साली निकाल लागलेल्या एका खटल्याचा विचार आपणांस करावयाचा आहे. आरोपी दोषी की निर्दोष, हे ठरविणे आपले काम नव्हे. पुरावा कशास म्हणावे आणि वृत्तपत्रांचा गलबला चालू असता तो कसा तोलावा, एवढाच आपला प्रश्न आहे.

डॉ. बिनायक सेन हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले बालरोगतज्ज्ञ. दल्ली राजहरा येथील खाणकामगारांच्या रुग्णालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेचे पदाधिकारी या नात्याने त्यांनी ‘सलवा जुडूम’ या सरकारपुरस्कृत मोहिमेवर कठोर टीका केली. 14 मे 2007 रोजी त्यांना बिलासपूर येथे अटक झाली. नारायण सन्याल हे माओवादी नेते त्या वेळी रायपूरच्या तुरुंगात होते. त्यांची पत्रे सेन यांनी बाहेर आणून कोलकात्याच्या एका व्यापाऱ्यास दिली, असा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता.

अटकेपूर्वीच निवाडा सुरू झाला होता. सेन आपल्या आईकडे बंगालमध्ये कल्याणी येथे होते. इकडे स्थानिक वृत्तपत्रांनी त्यांना ‘फरार’ ठरविले. ते स्वतः होऊन परत आले. नक्षलवाद्यांचा ‘डाकिया’ हे विशेषण मात्र त्यांना चिकटले ते चिकटलेच. उलट दिल्लीच्या व परदेशांच्या पत्रांतून त्यांचे चित्र एखाद्या संतासारखे रंगू लागले. 2008 साली बावीस नोबेल पारितोषिक विजेत्यांनी त्यांच्या सुटकेचे आवाहन केले. एका बाजूने खलपुरुष उभा केला, दुसरीने साधुपुरुष. आणि न्यायालयापुढील कागद वाचण्याची तसदी दोहोंकडेही थोड्यांनीच घेतली.

ते कागद काय सांगत होते? सन्याल यांना सेन तेहतीस वेळा भेटले, ही गोष्ट निर्विवाद होती. पण या भेटी रीतसर परवानगीने, तुरुंगाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झाल्या, असे त्या अधिकाऱ्यांनीच साक्षीत सांगितले. पत्रे सापडली त्या व्यापाऱ्यास रायपूरच्या रेल्वेस्थानकाजवळ रस्त्यावर पकडले, असे पोलिसांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयापुढील शपथपत्रात मात्र एका हॉटेलाचे नाव आले होते. ती टंकलेखनातील चूक, असा खुलासा झाला आणि तो मान्यही झाला. सेन यांनीच पत्रे दिली, हे त्या व्यापाऱ्याने पोलिसांना सांगताना आपण ऐकले, अशी एका वाटसरूची साक्ष होती. परंतु पोलिसांच्या ताब्यातील आरोपीच्या अशा कबुलीस आपला पुराव्याचा कायदा सामान्यतः थारा देत नाही. घरझडतीत मिळाले म्हणून हजर केलेल्या एका टंकलिखित पत्रावर पाठविणाऱ्याची सही नव्हती, आणि जप्तीच्या यादीत त्याची नोंदही नव्हती. ते दुसऱ्या कागदाला चिकटून राहिले असावे, हे त्याचे समर्थन! दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूट या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे पाहून सरकारी पक्षाने पाकिस्तानच्या गुप्तहेर संघटनेचा संशय घेतला, हा तर या खटल्यातील सर्वांत बोलका प्रसंग होय.

तो काळ साधा नव्हता, हेही स्मरले पाहिजे. 6 एप्रिल 2010 रोजी दंतेवाड्याच्या जंगलात माओवाद्यांनी शहात्तर जवान ठार मारले होते. प्रांत शोकाने व क्रोधाने व्यापलेला होता. अशा वातावरणात 24 डिसेंबर 2010 रोजी राजद्रोह व राजद्रोहाचा कट या अपराधांसाठी सेन यांना जन्मठेप झाली. 15 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. एखादे वाङ्मय जवळ बाळगल्याने मनुष्य त्या पंथाचा ठरत नाही. गांधीजींचे आत्मचरित्र घरात असले म्हणून कोणी गांधीवादी होत नाही, असा न्यायमूर्तींच्या उद्गारांचा आशय होता. अर्थात जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा निर्णय नव्हे.

मराठी श्रोत्यास येथे 1908 सालचा मुंबईचा खटला आठवल्यावाचून राहणार नाही. कलम तेच, 124-अ. ‘केसरी’तील मराठी लेख ज्यूरीपुढे आले ते इंग्रजी भाषांतराच्या द्वारे, आणि त्या भाषांतरांतील शब्दांचे अर्थ कसे विपरीत झाले, हे दाखविण्यात लोकमान्यांनी आपल्या बचावाच्या भाषणाचा मोठा भाग खर्च केला. सात युरोपियन ज्यूरर एका बाजूस व दोन पारशी दुसऱ्या बाजूस गेले, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दोन्ही खटल्यांत काळ वेगळा, राज्य वेगळे, माणसेही वेगळी. पण आधी संशय पक्का आणि मग त्यास जुळेल असा शब्दाचा अर्थ, ही रीत तीच.

त्या कलमाचा अंमल सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2022 रोजी स्थगित केला आणि 1 जुलै 2024 पासून जुनी दंडसंहिताच गेली. तिच्या जागी आलेल्या संहितेतही देशाच्या ऐक्यास धोका पोहोचविणाऱ्या कृत्यांसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. तेव्हा कलमे बदलली तरी कसोटी बदलत नाही. कागद कोठे सापडला, कोणासमक्ष सापडला, त्यावर सही कोणाची, हे रूक्ष प्रश्नच अखेर नागरिकाचे रक्षण करतात. आपल्याला अप्रिय असलेल्या आरोपीविषयीही ते विचारण्याची सवय ज्या समाजास लागली, त्याच समाजात उद्या आपल्यावर आळ आला तर ते आपल्यासाठी विचारले जातील.