उज्जयिनीची साक्ष

मकरसंक्रांतीस उत्तरायण लागते, असे आपण वर्गात सांगतो. या विधानाची परीक्षा पाहावयाची तर उज्जयिनीच्या वेधशाळेत जावे. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा याच नगरीवरून जाते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या वेधशाळेचा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार करविला.

तेथील नाडीवलय यंत्राच्या दोन तबकड्या विषुववृत्ताच्या पातळीस समांतर आहेत. सूर्य उत्तर गोलार्धात असता उत्तरेकडील तबकडीवर ऊन येते, दक्षिण गोलार्धात असता दक्षिणेकडील तबकडीवर. हा पालट वसंतात २१ मार्चच्या सुमारास होतो. पंचांगातील मेषसंक्रांत मात्र १४ एप्रिलच्या सुमारास येते. त्याचप्रमाणे सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि मकरसंक्रांत येते ती १४ जानेवारीच्या आगेमागे.

याचे कारण संपातबिंदूचे चलन होय. हा बिंदू ताऱ्यांच्या मानाने एक अंश मागे सरण्यास सुमारे ७२ वर्षे लागतात. ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे, ताऱ्यांचे ३६५.२५६४ दिवसांचे. अंतर अल्प खरे. परंतु सुमारे सतरा शतकांत त्याचे चोवीस अंश झाले.

एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरास राहिलेले विसाजी रघुनाथ लेले यांनी ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन गणनेचा आग्रह धरला. जनार्दन बाळाजी मोडक आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याच पक्षाचे. उलट, व्यंकटेश बापूजी केतकरांनी अर्वाचीन गणित स्वीकारूनही निरयन पक्ष राखला. तेव्हा हा वाद ज्ञान आणि अज्ञान यांचा नव्हता. वर्ष ऋतूंनी मोजावे की ताऱ्यांनी, एवढाच प्रश्न होता. १९५७ च्या राष्ट्रीय पंचांगाने महिने ऋतूंना बांधले, नक्षत्रे निरयनच ठेवली.

तिळगूळ डिसेंबरात वाटावा, असे आमचे म्हणणे नाही. सण परंपरेचा आहे, तो तिच्याच दिवशी व्हावा. परंतु उत्तरायण ही आकाशातील घटना आहे. शाळेच्या अंगणात एक काठी रोवून डिसेंबर-जानेवारीत तिची मध्यान्हछाया रोज मोजवावी. संक्रांत येण्यापूर्वीच छाया आखडू लागलेली मुलांना दिसेल, आणि लेल्यांचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होईल.