एकादशी अन् दुप्पट खाशी

गेल्या महिन्यात आमच्या गटाने ठराव केला की सगळ्याजणींनी वजन कमी करायचं. काट्यावर चढताना कुणी चप्पल काढली, कुणी बांगड्या उतरवल्या. एकीने पर्स खाली ठेवायच्या ऐवजी खांद्याला लटकवली आणि वर म्हणाली, ती धरायची नाही हं! उपाय ठरला आठवड्याला एक जादा उपवास. त्या दिवशी घरोघर परातभर साबुदाणा भिजला. आता बोला.

मग आम्ही जरा शोध घेतला, की हे उपवासाचं ताट आलं कुठून? एकादशीला धान्य वर्ज्य, हे जुनं. पण बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ती इकडे आली. जुन्या ग्रंथांनी त्यांना मनाई केली नाही, कारण त्यांचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं, असा आमचा आपला अंदाज.

साबुदाण्याची गोष्ट तर आणखी गमतीची. पूर्वी तो मलायाकडून यायचा, सागू नावाच्या माडासारख्या झाडाच्या खोडातल्या गराचा. आज आपण खातो तो कसाव्याच्या कंदाचा. हा कंदही ब्राझीलकडचा. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ १८८० ला गादीवर आले, त्यांनी भात कमी पडला तर पोटाला आधार म्हणून त्याची लागवड वाढवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, मलाया जपानच्या हाती गेला, बाहेरचा माल थांबला आणि तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करायचे कारखाने निघाले. म्हणजे जो कंद उपाशी माणसासाठी लावला, तो खाऊन आपण उपवास करतो! त्यात जवळपास सगळं पिष्टच. आपली वरी त्यापेक्षा बरी, आणि ती इथल्या मातीतली जुनी.

हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं, तर हसून हसून पुरेवाट. हप्त्याची तारीख जवळ आली की आमच्यातल्या निम्म्याजणी चिंतेने शेंगदाण्याचा डबा रिकामा करतात, तेही कबूल झालं. वहीत हिशेब जुळला नाही की तोंड चालू.

पण कोपऱ्यातल्या एक काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, रोज सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते मी खाते. एकादशीलाच तेवढं माझ्यासाठी वेगळं शिजतं, गरम गरम. तेही काढून घेता काय?"

वजनाचा ठराव आम्ही तिथेच खोडला. आता दर बैठकीत एकच विचारतो, काल रात्री कोण कोण सगळ्यांबरोबर जेवायला बसलं? पहिल्या वेळी तीन हात वर झाले. परवा सात.